मुलाण्याचा धोंडा

रियाज मुलाणी घरात मुका आणि गाडीत बोलका. हसिनानं, त्याच्या बायकोनं, भाजी कसली करू म्हणून तीनदा विचारावं तेव्हा हा गृहस्थ एकदा मान हलवणार. पण सकाळी साडेआठला लोणावळा स्टेशनासमोरून सतरा सीटची गाडी हलली आणि माईक हातात आला, की त्याच्या तोंडाचा पट्टा जो सुरू व्हायचा तो संध्याकाळी गाडी परत स्टेशनासमोर लागेपर्यंत. वय चोपन्न, अंगानं किरकोळ, खिशात कायम खडीसाखर. घशावर पोट असलेल्या माणसाला खडीसाखर लागतेच.

'मावळ रणभूमी दर्शन' हे सहलीचं नाव त्यानंच ठेवलेलं. एका दिवसात सगळं उरकायचं. वलवणचं धरण गाडीतूनच दाखवायचं. मग कार्ल्याला उतरायचं, सतराशे एकोणऐंशी साली मुंबईहून घाट चढून आलेल्या इंग्रजांचा कप्तान टेहळणी करायला झाडावर चढला आणि मराठ्यांच्या तोफेचा गोळा लागून पडला, ती शेतं दाखवायची. मग वडगावला, जिथं ती इंग्रज फौज कोंडीत सापडली आणि शरण आली. मग तळेगावचं तळं, शेवटी इंदुरीचा किल्ला, येताना चिक्कीचं दुकान. आणि कार्ल्याहून निघाल्यावर, वडगावच्या अलीकडे, चहासाठी सावरवाडी.

गेली सोळा वर्षं लोक या सहलीवर खूश होते. इंटरनेटवर ते जे लिहायचे त्यात वडगाव असायचं, इंदुरी असायचं, पण सगळ्यात जास्त असायची सावरवाडी. तिथला कोंडाजीचा दगड. 'कोंडाजीची कथा ऐकताना अंगावर काटा आला', असं निदान शंभर माणसांनी लिहिलं असेल. आणि नेमकं तेच रियाजच्या जिवाला लागलेलं होतं, कारण कोंडाजी नावाचा माणूस कधी जन्मालाच आलेला नव्हता. तो रियाजनं रचला होता. त्या दगडाखाली कोणी नव्हतं आणि तो दगड होता रियाजच्याच पणजोबाचा.

त्या मंगळवारी गाडीत अकरा माणसं होती आणि बारावी रियाजची आई, जीनत. पंचाहत्तरीची. डोळ्याचं ऑपरेशन होऊन महिना झालेला, त्यामुळे तिला जग पुन्हा दिसायला लागलं होतं आणि ती गप्प घरी बसायला तयार नव्हती. शब-ए-बरात होती, मेलेल्या माणसांच्या नावानं दिवा लावायचा दिवस. आदल्या रात्रीच तिनं सांगून टाकलं, "यंदा मी सोता येनार सावरवाडीला. लय वर्सं तू लावलास दिवा. आता मला दिसतंय, तर मी लावते."

रियाजनं गुडघ्यांचं कारण पुढं केलं, उन्हाचं केलं, गाडी भरलेली आहे असंही सांगून पाहिलं. ड्रायव्हर कैलासनं मात्र सकाळी सकाळी दारातच सांगून टाकलं, "मावशी, फुडची सीट मोकळीच हाय." झालं. कापडी पिशवीत मातीची पणती, तेलाची बाटली आणि लोबानाची पुडी घेऊन जीनतबी पुढच्या सीटवर जाऊन बसली.

त्या पिशवीकडे रियाजला बघवेना, त्याचं कारण सांगायचं तर शंभर वर्षं मागं जावं लागेल.

मुलाण्याचं घर मूळ सावरवाडीचं. पहिल्या महायुद्धात गावोगावची माणसं सरकारनं नेली, त्यात रियाजचा पणजोबा गेला. तलवार नाही, बंदूक नाही. इराकात खेचरं हाकायला गेला. बसऱ्याला. तिथं तापानं गेला, का तहानेनं गेला, का कसा गेला, ते कोणाला कळलं नाही. दीड वर्षानं सरकारी कागद आला आणि त्याच्या बायकोला कळलं की आपण विधवा आहोत. माती द्यायला देह नव्हता. नमाज झाली, चार माणसं येऊन बसून गेली, पण बाईचं मन काही थाऱ्यावर येईना. आजूबाजूच्या वस्त्यांवर लोक आपल्या मेल्या माणसाच्या नावानं शेताच्या कडेला दगड उभा करतात, ते तिनं पाहिलेलं होतं. तिनंही ओढ्यातला एक लांबट काळा धोंडा दोन गड्यांकडून उचलून आणवला आणि करंजाच्या झाडाखाली उभा केला. वडगावहून आलेले मौलवी म्हणाले, बाई, आपल्यात असं नसतं. ती म्हणाली, नसूद्या, मला बसायला जागा पायजे.

तिच्यामागं तिच्या सुनेनं दिवा लावला, मग जीनतनं. शब-ए-बरातच्या दिवशी, ऊन उतरायच्या आत. रियाजचे वडील रेल्वेत खलाशी लागले तसं घर लोणावळ्याला आलं, जमीन गेली, जुनी सावरवाडी पांगली, तिथं बंगलेवाले आले. पण दर वर्षी जीनत एसटीनं जायची, दिवा लावायची आणि यायची. गुडघे गेल्यावर तिनं ते काम मुलावर सोपवलं.

आणि मुलानं काय केलं?

सहलीच्या पहिल्या वर्षी सावरवाडीपाशी गाडीचं चाक बसलं. उन्हात उभे राहिलेले लोक कंटाळले. एकानं विचारलं, हा दगड कसला? रियाजनं खरं ते सांगितलं. लोक "अच्छा, अच्छा" म्हणाले आणि मोबाईल बघायला लागले. खेचरं हाकणारा माणूस, तोही तापानं मेलेला. त्यात बघायचं काय? त्या दिवशी रियाजला पणजोबाची लाज वाटली. हे त्यानं पुढं कधी कोणाला सांगितलं नाही, पण वाटली.

दोन आठवड्यांनी पुन्हा तिथंच गाडी थांबली, पुन्हा कोणीतरी विचारलं. आणि नुकतीच कार्ल्याच्या कप्तानाची गोष्ट सांगून तोंड गरम झालेलं होतं त्या भरात रियाज बोलून गेला, की हा कोंडाजीचा दगड. एकोणीस वर्षांचा मेंढपाळ पोरगा. साहेब कोणत्या झाडावर चढलाय ते यानंच मराठ्यांच्या गोलंदाजाला दाखवलं. इंग्रजांनी त्याला गाठला, गोळी घातली. तरी तो पोटावर हात दाबून इथवर चालत आला, आणि वडगावकडं तोंड करून इथं बसला तो उठलाच नाही.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईनं डोळे पुसले. रियाजला वाटलं, एवढ्यानं कोणाचं काय जातंय.

कोणाचं जातंय ते हळूहळू कळलं. गाड्या थांबायला लागल्या म्हणून सोपान नावाच्या म्हाताऱ्यानं तिथं चहाची टपरी टाकली. सोपानआबा पवनेकडचा. त्याचं गाव धरणात गेलेलं, शेत गेलेलं, देऊळसुद्धा पाण्याखाली. चाळीस वर्षं इथंतिथं मजुरी करून तो सावरवाडीला येऊन टेकला, तेव्हा त्याला ना जुनी सावरवाडी माहीत होती ना मुलाणी माहीत होते. त्याला माहीत होती ती रियाजची गोष्ट. दिवसाआड ऐकून त्याला ती तोंडपाठ झाली. आधी त्यानं दगडाला चुना दिला. मग शेंदूर आला, भगवा आला, पत्र्याची पाटी आली. लोक नारळ फोडायला लागले. सोपानआबाच्या सुनेला आठ वर्षांनी मूल झालं ते कोंडाजीला बोलल्यावर झालं, असं तो सगळ्यांना सांगायचा.

रियाज पहिली दोन वर्षं अंधार पडल्यावर जाऊन पणती लावून आला. तिसऱ्या वर्षी तिथं माणसं होती. मुलाण्याच्या पोरानं कोंडाजीपुढं लोबान का जाळावा, हे कोणी विचारलं असतं तर काय सांगणार? तेव्हापासून तो ती पिशवी घेऊन घरातून निघायचा, लोणावळ्याच्या कब्रस्तानात वडिलांच्या कबरीपाशी पणती लावायचा आणि घरी येऊन आईला सांगायचा, "लावला दिवा." आई म्हणायची, "बरं झालं."

आता येत्या रविवारी दगडाला पक्का चौथरा व्हायचा होता. सिमेंट, लोखंडी जाळी, वर छत्री, पाहुणे, भाषणं. मुख्य भाषण अर्थात रियाजचं. एकदा जाळी बसली आणि कुलूप लागलं, की पणजोबा गेला तो गेलाच. म्हणजे जे काय बोलायचं ते आजच. आजच सोपानआबाला बाजूला घेऊन खरं सांगायचं, आईसमोर कबूल करायचं, आणि आईला निदान एकदा तिथं दिवा लावू द्यायचा. रात्रभर त्यानं हे मनात घोळवलं होतं. वाक्यंसुद्धा ठरवली होती.

कार्ल्याला गाडी थांबली. भातकापणी होऊन शेतं उघडी पडलेली, कडेला शहाळ्यांचे ठेले. रियाजनं कप्तानाची गोष्ट सांगितली. जीनतबी खाली उतरली नाही, खिडकीतून ऐकत बसली. सोळा वर्षांत तिनं मुलाला काम करताना पाहिलेलं नव्हतं. तो हात कसा करतो, कुठं थांबतो, लोक त्याच्या तोंडाकडं कसे बघतात, हे ती बघत राहिली. शेजारच्या सीटवर तळेगावच्या वासंतीबाई होत्या. निवृत्त शिक्षिका. जन्म तळेगावात काढून हे सगळं पाहिलंच नाही म्हणून त्या सकाळच्या लोकलनं लोणावळ्याला येऊन सहलीला बसल्या होत्या.

"किती छान सांगतात हो," वासंतीबाई म्हणाल्या.

"माजा ल्योक हाय," जीनतबी म्हणाली. "लय वाचतो. घरात पुस्तकांचा ढीग लावलाय. बोलत न्हाई जास्त, पन बोलला की खरंच बोलतो."

रियाज तेव्हा गाडीच्या दारात उभा होता. त्यानं ते ऐकलं आणि खडीसाखरेचा खडा तोंडात टाकला.

गाडी सुटली. मागून एका तरुणानं विचारलं, "सर, आता कोंडाजी ना? मी व्हिडिओ पाहिलाय तुमचा." रियाज म्हणाला, "तिथं गेल्यावर बघू." माईक त्यानं बंद केला. सावरवाडीपर्यंतची वीस मिनिटं तो काहीच बोलला नाही, तेव्हा कैलासनं आरशातून दोनदा त्याच्याकडं पाहिलं.

त्याचा बेत साधा होता. गाडी थांबली की आपण आधी उतरायचं, सोपानआबाला टपरीमागं न्यायचं. पण बेत सोपानआबाला कुठं माहीत होता? गाडी वळणावर दिसताच म्हातारा हातात झेंडूचा हार घेऊन रस्त्यावर आला. बरोबर वस्तीवरच्या सात-आठ बाया, चार पुरुष. रविवारच्या कामासाठी वाळू-खडी येऊन पडलेली. दगडाभोवती चौकोनी खड्डा खणलेला, त्यात लोखंडी सळया उभ्या.

"रियाजभाऊ, बरं झालं आलात," सोपानआबा म्हणाला. "ह्या बाया म्हनत्यात, आमी रोज फुलं वाहतो पन गोस्ट नीट आयकली न्हाई. आज सांगा. ऐतवारी गर्दीत कुनाला आयकू येनार?"

"आबा, जरा इकडं या. बोलायचंय."

"बोलू की. आधी गोस्ट हूंद्या, चहा टाकलाय."

तेवढ्यात कैलासनं जीनतबीला हात धरून उतरवलं. ती आली, दगडापुढं उभी राहिली आणि बघत राहिली. पांढरा चुना, वर शेंदूर, शेजारी झेंडा. तिनं मान वर करून झाड पाहिलं.

"करंज त्योच," ती हळूच म्हणाली. "धोंडा बी त्योच हाय. ह्यो रंग कुनी दिला, रियाज?"

"आमी दिला, मावशी," सोपानआबा कौतुकानं म्हणाला. "तुमी पयल्यांदाच आला व्हय? बसा. ही खुर्ची घ्या. तुमच्याच ल्योकामुळं आमाला ही जागा कळली. न्हाईतर आमी कुटले कोन? आमचं देऊळ पान्यात गेलं, मावशी. चाळीस वर्सं मी कुनापुढं हात जोडला न्हाई. जोडायचा कुनापुढं? हितं आलो आन् ह्यो भेटला."

जीनतबी खुर्चीवर बसली. पिशवी मांडीवर. सगळे गोल करून उभे राहिले. रियाज दगडापाशी गेला. समोर आई, शेजारी सोपानआबा, मागं मोबाईल वर धरलेले सहलीचे लोक.

त्यानं ठरवलेलं पहिलं वाक्य होतं: 'आज मी तुम्हाला एक वेगळी गोष्ट सांगणार आहे.' तेवढं तो बोललादेखील. लोक अजून जवळ सरकले. आणि मग त्यानं सोपानआबाकडं पाहिलं. म्हातारा टोपी काढून, हात जोडून उभा होता, डोळे आधीच ओले. त्याला काय सांगायचं? की बाबा, तू पंधरा वर्षं ज्याला हाक मारतोयस तो नाहीच? तुझा नातू ज्याच्या कृपेनं झाला म्हणतोस, तो मी चाक बसलेल्या गाडीपाशी टाळ्यांसाठी बनवला?

रियाजनं त्या जोडलेल्या हातांवरून नजर काढली. क्षणभरच. मग जीभ सुटली, आणि सुटली ती रोजच्या वाटेनं सुटली. एकोणीस वर्षांचा पोरगा. खांद्यावर घोंगडं. झाडावरचा साहेब. तोफेचा आवाज. पोटावर दाबलेला हात. सोळा वर्षांत दोन हजार वेळा सांगितलेली गोष्ट, ती त्याला थांबवता येईना. आणि खरं सांगायचं तर, इतकी चांगली त्यानं ती आधी कधीच सांगितली नव्हती. मनात पणजोबा होता ना. कोंडाजी शेवटी 'पाणी' म्हणाला आणि पाणी द्यायला जवळ कोणी नव्हतं, हे आज त्यानं नवीनच घातलं, आणि ते सांगताना त्याचाच आवाज फुटला. बायांनी पदर डोळ्याला लावले. वासंतीबाईंनी चष्मा काढून पुसला.

रडतानासुद्धा त्याला कळत होतं की आपण चोरी करतोय. पणजोबाची तहान चोरून कोंडाजीला देतोय.

गोष्ट संपली. टाळ्या नाही वाजल्या; सगळे गप्प झाले, म्हणजे गोष्ट फारच लागली. जीनतबी खुर्चीतून उठली. तिचा एक हात पिशवीत होता. रियाज बघत होता. तो हात पिशवीतून रिकामाच बाहेर आला. तिनं पिशवीचं तोंड आवळलं, गाठ मारली, आणि सोपानआबाकडं वळून म्हणाली, "लय मोठा मानूस हो. लहान वयात गेला."

"व्हय, मावशी."

"आमचं काय चुकलं असंल तर माफ करा."

"तुमचं काय चुकायचं?" सोपानआबाला काही समजलं नाही. त्यानं तिच्या हातात चहाचा कप दिला, बरोबर दोन खारी.

सोपानआबाला बाजूला घ्यायचं राहिलंच. आता घेऊन तरी काय करणार? गाडी वडगावला गेली. रियाजनं लोकांना विजयस्तंभ दाखवला, तह सांगितला, तारखा सांगितल्या, सगळं बिनचूक. तळेगावला जेवणं झाली. जीनतबीनं दोन घास खाऊन ताट सरकवलं. वासंतीबाईंनी विचारलं, बरं वाटत नाही का? ती म्हणाली, ऊन लागलं.

इंदुरीच्या किल्ल्यापाशी पोचेपर्यंत चार वाजले होते. लोक दरवाजातून आत गेले, बुरुजावर चढले, खाली इंद्रायणीचे फोटो काढायला लागले. रियाजनं आज किल्ल्याची माहिती दोन मिनिटांत आटपली आणि तो बाहेर आला. दरवाजाजवळच्या एका पडक्या दगडावर आई बसली होती. तो तिच्यासमोर खाली बसला, मातीतच.

"अम्मा, दिवा का नाही लावला?"

तिनं पिशवीची गाठ घट्ट केली. मग म्हणाली, "दुसऱ्याच्या थानावर दिवा कसा लावायचा? आजवर लावला त्यो अजानतेपनी लावला. मला काय ठावं? मी लगीन करून आलेली. सासूनं सांगितलं, ह्यो धोंडा आपला, तिला तिच्या सासूनं सांगितलं. तिघीबी अडानी. त्या बिचाऱ्या बाईला कुनीतरी येडं बनवलं असंल, न्हाईतर तिनंच सोताची समजूत काढली असंल. तू एवढं वाचलंस म्हनून आज कळलं."

"अम्मा, ते खोटं आहे. कोंडाजी नव्हताच कोणी. मी बनवला. तो दगड आपलाच आहे, पणजोबाचा. मी पोटासाठी, लोकांनी ऐकावं म्हणून..." माईकवर धबधब्यासारखा बोलणारा माणूस, त्याला इथं एक वाक्य धड पुरं करता येईना. "दिवापण मी तिथं लावत नव्हतो. इतकी वर्षं. अब्बांच्या कबरीपाशी लावून यायचो."

हे ऐकून ती चिडेल, थोबाडीत मारेल, रडेल, असं त्याला वाटलं होतं. त्यातलं काही झालं तर बरंच, असंही वाटलं होतं. जीनतबीनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"तुला ठावं व्हतं तर," ती म्हणाली. "म्हनून तू तितं लावत न्हवतास. मला वाईट वाटंल म्हनून बोलला न्हाईस. म्हनून मला आज आनत बी न्हवतास."

"नाही गं, अम्मा. मी खरं सांगतोय."

"आता माजं मन राखायला कायबाय बोलू नगंस. मी बघितलं तुला मगाशी. रडलास तू. खोट्या मानसासाठी कुनी रडतं व्हय? एवढी मानसं हुबी व्हती, शिकलेली, त्यांच्याफुडं माजा ल्योक खोटं बोलंल का?"

 जे जे बोलावं ते ते तिच्याच बाजूनं साक्ष देणार होतं. गोष्ट इतकी नीट रचली होती त्यानं, इतकी वर्षं घासून घासून गुळगुळीत केली होती, की आता त्याला स्वतःलाच तिच्यात बोट घालायला फट सापडेना.

"दोस कुनाचा न्हाई," जीनतबी म्हणाली. "पन मग आपला मानूस कुटं हाय, रियाज? हितं न्हाई, तर कुटं पुरला त्याला? पुरला तरी का न्हाई? शंभर वर्सं आपन त्याला एक दिवा दिला न्हाई. त्यो वाट बघत असंल."

ती आता रडायला लागली. आवाज न करता, पदर तोंडावर धरून. कोंडाजीसाठी ती रडली नव्हती. रियाज समोर मातीत बसून राहिला. आईच्या मनातून पणजोबाला आपण आज दुसऱ्यांदा बसऱ्याला धाडला, आणि या वेळी कागदसुद्धा येणार नाही, एवढंच त्याला कळत होतं.

लोक परत यायला लागले. वासंतीबाई सगळ्यांच्या आधी आल्या. जीनतबीनं घाईनं डोळे पुसले आणि त्यांनाच विचारलं, "बाई, तुमी मास्तरीन. बसऱ्याच्या लढाईला गेलेल्या मानसांची नावं कुटं लिवून ठेवल्यात का हो?"

वासंतीबाई शेजारी टेकल्या. "असतात ना हो. मोठ्या कचेऱ्यांमधून याद्या असतात. कोण कुठं मेला, कुठं पुरला, सगळं. माझा भाचा असल्याच कामात आहे. मी त्याला सांगते, तो शोधून काढेल. तुमचं कोणी गेलं होतं?"

"माजा आजेसासरा. खेचरं हाकायला."

वासंतीबाईंनी पर्समधून छोटी वही काढली, पेन काढलं. "नाव सांगा. पूर्ण नाव आणि गाव. नाव असलं की सापडतं."

जीनतबीनं वहीकडं पाहिलं. "नाव मला ठावं न्हाई," ती म्हणाली. "आजेसासू नवऱ्याचं नाव घेत नसायची. सासू सासऱ्याचं कशी घेनार? त्याच म्हनायच्या, आपला म्हातारा. म्हातारा कसला, तिशीच्या आत गेला. नाव रियाजच्या बाला ठावं व्हतं. त्यांनी पोराला शिकवलं व्हतं ल्हानपनी, पाठ करून घेतलं व्हतं." ती मुलाकडं वळली. तिच्या तोंडावर पहिल्यांदाच जरा उजेड आला. "सांग की रं. तुला समद्यांची नावं पाठ. सांग बाईंना."

वासंतीबाईंनी वहीवर 'सावरवाडी, मावळ' असं लिहिलं, त्याच्या वरची ओळ मोकळी ठेवली आणि मान वर केली.

रियाजला झाडावरच्या साहेबाचं नाव पाठ होतं. तहावर सह्या करणाऱ्यांची पाठ होती, किल्ला बांधणाऱ्यांची, त्यांच्या मुलांची, घोड्यांचीसुद्धा. त्यानं डोळे मिटले. वडील दिसले, घरातली चटई दिसली, वडील ओठ हलवून एक नाव शिकवतायत हेही दिसलं. त्यानं कान देऊन ऐकलं. पुन्हा ऐकलं. ऐकू येत होतं ते एकच नाव, कोंडाजी, आणि आई त्याच्या तोंडाकडं बघत थांबली होती.